शेवटच्या पाण्यात तीन चमचे: धुण्यासाठी व्हिनेगर, त्याचा खर्च आणि खबरदारी

हिंगोली जिल्ह्यातल्या आखाडा बाळापूरच्या बाजारात किराणा दुकानात पांढऱ्या व्हिनेगरची बाटली आता मागितली की मिळते. चायनीजच्या गाड्यांना लागते म्हणून ती दुकानात आली, आणि मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून आता मोरीपर्यंत पोचली आहे. कपडे मऊ होतात, डाग जातात, वास जातो, जंतू मरतात, रंग पक्का होतो, मशीन स्वच्छ राहते, असे सगळे गुण त्या एका बाटलीला चिकटवले जातात. यातला पहिला गुण खरा आहे. वास घालवण्याचा गुणही बऱ्याच अंशी खरा आहे. बाकीच्यांपैकी काही अर्धे खरे, काही साफ खोटे आणि एक-दोन धोक्याचे आहेत. घरातली बाई रोज बादलीभर धुणं धुते, तिच्या हाताला आणि पाकिटाला काय परवडतं, या हिशोबाने ही माहिती लिहिली आहे.

आधी बाटली नीट वाचा. दुकानात मिळणारं स्वस्त पांढरं व्हिनेगर बहुतेक वेळा सिंथेटिक असतं, म्हणजे ॲसेटिक ॲसिडमध्ये पाणी घालून केलेलं. तसं लेबलवर लिहिणं कंपनीला बंधनकारक आहे. धुण्यासाठी हेच चांगलं, कारण त्याला रंग नाही आणि त्यात साखर नाही. ॲसिडचं प्रमाण ४ ते ५ टक्के असतं. 'क्लीनिंग व्हिनेगर' म्हणून ऑनलाइन मिळणाऱ्या बाटल्यांत ते याहून जास्त असू शकतं, तेव्हा तिथे टक्केवारी पाहिल्याशिवाय माप ठरवू नका. ॲपल सायडर व्हिनेगर धुण्यात वापरणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं आहे. ते महाग असतं, वर त्याचा तपकिरी रंग पांढऱ्या कपड्यावर उतरू शकतो.

ॲसेटिक ॲसिड सुटं, ९९ टक्क्यांचं, शहरातल्या केमिकलच्या दुकानात मिळतं. लिटरभर आणून घरीच वीस लिटर व्हिनेगर करा, असा सल्ला कुणी देईल. हिशोबाने ते सगळ्यात स्वस्त पडतं, तरीही ते घरात आणू नका. त्याचा थेंब कातडीवर पडला तर भाजतं, डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, आणि त्याच्या नुसत्या वाफेने श्वास कोंडतो. ॲसिडच्या खुल्या विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निर्बंध घातले, त्याची कारणं आपल्याला माहीत आहेत. मोरीच्या कट्ट्यावर, लेकरांच्या हाताशी अशी बाटली नको.

पाणी जड, कपडे कडक

नांदेड-हिंगोली रस्त्यावरच्या या पट्ट्यात धुण्याचं पाणी मुख्यतः बोअरचं किंवा विहिरीचं. काळ्या पाषाणातून झिरपत येताना त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट विरघळतं. आपण त्याला जड पाणी म्हणतो. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरं पाणीच मिळत नसेल तर ६०० पर्यंत चालतो. उन्हाळ्यात बोअर खोल गेलं की पाणी आणखी जड लागतं, हे साबणाचा फेस पाहूनच कळतं.

जड पाण्यात साबणाची वडी घासली की तिच्यातला बराच भाग कॅल्शियमशी बांधला जाऊन चिकट, राखाडी साका होतो. तो पाण्यात विरघळत नाही, धाग्यात बसतो. फेस येत नाही म्हणून आपण आणखी साबण लावतो आणि साका आणखी वाढतो. पावडरीचं तसं होत नाही, पण पावडरीत सोडा असतो. फेसासाठी एक मूठ जास्त टाकली की तो सोडा खळखळून निघत नाही आणि कपड्यातच वाळतो. टॉवेल दोरीवरून काढताना पत्र्यासारखा कडक लागतो, अंग पुसताना खरखरतो, पाणीही शोषत नाही. पांढरा शर्ट काखेत आणि कॉलरला मळकट पिवळा दिसतो. त्याला आपण साबण खराब म्हणतो, पण दोष बहुधा पाण्याचा आणि मापाचा असतो.

व्हिनेगरचं खरं काम इथे आहे. ते आम्ल आहे आणि कपड्यात राहिलेला सोडा अल्कली. शेवटच्या पाण्यात थोडं आम्ल घातलं की उरलेला सोडा निवतो, क्षाराची पांढरी पूड विरघळून पाण्याबरोबर जाते आणि धागा मोकळा होतो. कंडिशनर धाग्यावर तेलकट पातळ थर चढवून कपडा मऊ करतो, म्हणून त्याने टॉवेलाची पाणी शोषायची ताकद कमी होते. व्हिनेगर कुठलाच थर चढवत नाही, उलट असलेला साठा काढतं. टॉवेल, पंचे, सुती बनियन, लहान मुलांची दुपटी यांना ते कंडिशनरपेक्षा बरं, असं माझं स्पष्ट मत आहे.

करायचं ते असं. कपडे नेहमीसारखे धुवा आणि एका पाण्यातून खळखळून काढा. मग बादलीत १० ते १२ लिटर ताजं पाणी घ्या, त्यात तीन मोठे चमचे म्हणजे ४० ते ४५ मिली व्हिनेगर घाला आणि हाताने ढवळा. त्यानंतर कपडे बुडवा. पाच-दहा मिनिटं राहू द्या, पिळा आणि उन्हात घाला. खोकल्याच्या औषधाबरोबर खुणांचं छोटं झाकण येतं, ते मापाला फार सोयीचं. मात्र ते धुण्यासाठीच ठेवा, पुन्हा औषधाच्या बाटलीवर नको. व्हिनेगर कपड्यावर सरळ ओतू नका. वास राहील ही भीतीही नको. ॲसेटिक ॲसिड उडून जाणारं आहे, कपडा पुरता वाळला की वास जातो.

व्हिनेगर साबणाच्या पाण्यात घालू नये, हे मात्र पक्कं ध्यानात ठेवा. साबण म्हणजे तेलाच्या आम्लाचा सोडियमशी झालेला क्षार. त्यात आम्ल पडलं की साबण फुटतो, त्यातलं तेलकट आम्ल सुटं होतं आणि कपड्यावर बसतं. फेस मरतो आणि कपडे आधीपेक्षा चिकट होतात. पावडरीतही ते घातलं की सोडा मारला जातो आणि पावडर निम्मी लंगडी पडते. बेकिंग सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतल्यावर जो फसफसणारा फेस दिसतो, तो कार्बन डायऑक्साइडचा. दोघं एकमेकांना संपवतात आणि बादलीत जवळपास निकामी पाणी उरतं. दोन्हीचे पैसे गेले एवढाच त्याचा अर्थ.

जड पाणी गोडं करायलाही व्हिनेगर उपयोगाचं नाही. पाण्यातलं बायकार्बोनेटच पहिल्यांदा आम्ल खातं. त्यामुळे चाळीस लिटरच्या टबात अर्धी वाटी ओतण्यापेक्षा दहा लिटरच्या बादलीत तीन चमचे जास्त गुण देतात. आपल्या पाण्यात हा फरक चांगलाच जाणवतो. सेमी-ऑटोमॅटिक मशीन असेल तर टबात धुवून घ्या, शेवटचं पाणी बादलीत करा आणि मग पिळायच्या भांड्यात टाका.

हिशोब

भाव दुकानागणिक बदलतात, म्हणून खाली मोघम भाव धरून हिशोब मांडला आहे. तुमच्या दुकानातला आकडा त्यात घाला. पाकिटावर एमआरपीशेजारी दर ग्रॅमचा किंवा दर मिलीचा भाव बारीक अक्षरात छापलेला असतो. गुणाकाराला तोच घ्यावा, बाटलीच्या उंचीवर जाऊ नये.

व्हिनेगरची ७०० मिलीची बाटली ५० रुपयांना धरली तर मिलीला ७ पैसे पडतात. बादलीला ४० मिली लागलं तर पावणेतीन-तीन रुपये. मशीनच्या एका भरण्याला १०० मिली लागलं तर सात रुपये. कंडिशनरची ८६० मिलीची बाटली २३० रुपयांना धरली तर मिलीला २७ पैसे. बादलीला २० मिली म्हणजे सव्वापाच रुपये, मशीनला ४० मिली म्हणजे साडेदहाच्या वर. म्हणजे बादलीला व्हिनेगर कंडिशनरच्या साधारण निम्म्यात आणि मशीनला दोन-तृतीयांशात पडतं. ॲपल सायडरची अर्ध्या लिटरची बाटली ३०० रुपयांना धरली तर एका बादलीला २४ रुपये, आणि गुण साध्या व्हिनेगरहून काडीभरही जास्त नाही.

या सगळ्यांपेक्षा स्वस्त वस्तू त्याच किराणा दुकानात आहे, ती म्हणजे लिंबूफूल. साखरेसारखे पांढरे खडे, म्हणजेच सायट्रिक ॲसिड. ढोकळ्याला, सरबताला आपण ते आणतोच. १०० ग्रॅम ३० रुपयांना धरलं तर ग्रॅमला ३० पैसे. ४० मिली व्हिनेगरमध्ये जेवढं आम्ल असतं, तेवढंच काम दोन ग्रॅम लिंबूफूल करतं. दोन ग्रॅम म्हणजे चहाचा अर्धा चमचा, तोही सपाट. बादलीमागे खर्च ६० पैसे. मशीनला पाच ग्रॅम, म्हणजे एक सपाट चमचा, दीड रुपया. वासही येत नाही. जड पाण्याच्या क्षाराला ते व्हिनेगरहून चांगलं धरतं, कारण कॅल्शियमला बांधून ठेवण्याची त्याची ताकद जास्त आहे.

लिंबूफुलात एक उणीव आहे. ते उडून जात नाही. जास्त पडलं तर कपड्यात राहतं, कपडा चिकट लागतो, आणि त्यावर गरम इस्त्री फिरवली तर सुती धागा कमजोर होतो. म्हणून अर्ध्या चमच्याचा एक चमचा करू नका. आधी वाटीभर कोमट पाण्यात पुरतं विरघळवा आणि मगच बादलीत ओता. न विरघळलेला खडा ओल्या कपड्यावर बसला तर तिथे डाग पडू शकतो. ताजं लिंबू पिळायचा सल्लाही दिला जातो. एका लिंबात जेमतेम एक-दीड ग्रॅम आम्ल असतं, उन्हाळ्यात लिंबाचा भाव चढलेला असतो, आणि रसातली साखर कपड्यात जाते ती वेगळीच. लिंबू जेवणात राहू द्या.

रोज रोज हे करायची गरज नाही, आणि खरी बचत तिथेच आहे. रोज एक बादली धरली तर व्हिनेगरचे महिन्याला ८५ रुपये होतात. टॉवेल, चादरी आणि शेतातले घामाचे कपडे एवढ्यांनाच, आठवड्यातून दोनदा वापरलं तर २३ रुपये. तेच लिंबूफुलाने पाच रुपयांत होतं. आणि पावडर मुठीऐवजी मापाने टाकली तर यातलंही निम्मं वाचेल. पावडर किलोला १०० रुपये धरली तर जास्तीची ३० ग्रॅम पावडर तीन रुपयांची. तीन रुपये जास्त पावडर घालण्यात आणि तीन रुपये ती कपड्यातून काढण्यात, असे सहा रुपये बादलीमागे विनाकारण जातात. जड पाणी असेल तर वडी फक्त कॉलर आणि बाहीच्या टोकाला घासा, बाकी कपड्याला पावडर मापून वापरा. हा एक बदल कुठल्याही व्हिनेगरपेक्षा जास्त पैसे वाचवतो.

हळदीच्या डागाला व्हिनेगर लावू नका

हिंगोली जिल्हा हळदीचा आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. काढणी, शिजवणी, वाळवणी, पॉलिश ही कामं सुरू झाली की कामावर जाणाऱ्या माणसांची लुगडी, सदरे, उपरणी सगळी पिवळी होतात. घरात लग्न असलं की हळदीच्या दिवशीचे पांढरे कपडे आलेच. त्यामुळे इथे व्हिनेगरबद्दल पहिला प्रश्न येतो तो हाच, की हळद निघते का?

निघत नाही. उलट व्हिनेगरने ती टिकते. हळदीचा रंग कर्क्युमिनचा. हे द्रव्य आम्लात पिवळं राहतं आणि अल्कलीत लाल होतं. हळदीच्या डागावर साबण घासला की तो क्षणात विटकरी लाल होतो, हे प्रत्येकीने पाहिलेलं आहे. हळदीवर चुन्यासारख्या अल्कलीची क्रिया करून कुंकू होतं, ते याच गुणामुळे. आता त्या लाल डागावर व्हिनेगर ओतलं की लाली जाते आणि डाग पुन्हा पिवळा होतो. व्हिडिओत एवढंच दाखवतात आणि पाहणाऱ्याला वाटतं डाग गेला. प्रत्यक्षात रंग जिथल्या तिथे असतो. शिवाय कर्क्युमिन आम्लात स्थिर राहतं आणि अल्कलीत लवकर मोडतं. म्हणजे डाग मोडायला लागलेला असताना आपणच त्याला वाचवतो.

हळदीवरचा इलाज ऊन आहे, आणि मराठवाड्यात ते भरपूर आहे, फुकट आहे. कोरडी पूड आधी झटकून टाका, ओला हात लावू नका. डाग तेलाच्या फोडणीचा असेल तर आधी भांडी घासायचं लिक्विड चोळून तेल काढा. मग पावडरीच्या पाण्यात धुवा, डाग लाल झाला तरी घाबरू नका, खळखळून काढा आणि ओलाच कपडा डागाची बाजू वर करून कडक उन्हात घाला. कर्क्युमिन उजेडात फिकं पडतं. मार्च-एप्रिलच्या उन्हात फरक डोळ्यांना दिसतो. एका दिवसात न गेला तर पुन्हा ओला करून पुन्हा उन्हात. रंगीत कपड्याला जपा, कारण ऊन त्याचाही रंग खातं. सावलीत किंवा घरात वाळवलेल्या कपड्यावर हळद महिनोन्महिने राहते.

चुन्याचा डाग मात्र व्हिनेगरने हमखास जातो. पानाच्या डबीतला चुना, रंगकाम करताना उडालेला चुना, बोअरच्या पाण्याचे पांढरे ओघळ हे सगळे क्षाराचेच. पाणी आणि व्हिनेगर निम्मं-निम्मं घेऊन कापसाने लावा, थोडा वेळ थांबा, धुवा. दोरीच्या तारेचा किंवा हूकचा गंजाचा डाग असेल तर लिंबूफुलाचं दाट पाणी लावून उन्हात ठेवा आणि चांगलं खळखळून काढा. गंजाच्या डागाला ब्लीच कधीच नको, तो आणखी पक्का होतो.

रंग पक्का होतो ही समजूतही सोडून द्या. नवी साडी किंवा सलवार व्हिनेगर-मिठाच्या पाण्यात भिजवून रंग बांधला जात नाही. सुती कपड्याचा रंग कारखान्यात बांधला जातो, तो तिथे कच्चा राहिला असेल तर घरी पक्का होत नाही. असा कपडा वेगळा धुवा, आणि पहिल्याच धुण्यात रंग बेसुमार गेला तर पावती घेऊन दुकानदाराकडे जा.

अंथरुणाच्या चादरी

ज्या घरात म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलेलं आहे, तिथे धुण्याचं ओझं काय असतं ते त्या घरच्या सुनेला किंवा लेकीला विचारा. लघवीचा वास चादरीला धरून बसतो. पावडर बदलली, सुगंधी कंडिशनर घातला तरी दुसऱ्या दिवशी दमट हवेत तो पुन्हा उठतो. लघवीतल्या युरियाचा कालांतराने अमोनिया होतो. अमोनिया अल्कली आहे, सुगंधाने तो झाकला जातो पण जात नाही. आम्लाने तो खरोखर निवतो. म्हणून व्हिनेगरचा सर्वात मोलाचा उपयोग मला इथे वाटतो.

चादर आधी साध्या गार पाण्यातून काढा. मग पाच लिटर पाण्यात अर्धा लिटर व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवा. त्यातून काढून साध्या पाण्यात खळखळा आणि त्यानंतर पावडरीत धुवा. एवढ्या व्हिनेगरला ३५ रुपये पडतात, ते रोज परवडणारं नाही. त्याऐवजी पाच लिटरला २५ ग्रॅम लिंबूफूल घेतलं तर साडेसात रुपयांत भागतं. रोजची चादर ओली असतानाच गार पाण्यात टाकली तर अमोनिया होण्याआधीच बरंच काम होतं, आणि हा जास्तीचा उपाय आठवड्यातून एकदा पुरतो. लंगोट-दुपट्यांना हेच करता येतं, पण बाळाच्या कपड्याला सगळ्यात शेवटी साधं पाणी हवंच.

व्हिनेगर जंतुनाशक आहे असं समजून मात्र चालू नका. जुलाब, कावीळ, खरूज अशा आजारात त्याच्यावर विसंबू नये. तिथे उकळतं पाणी, कडक ऊन किंवा पांढऱ्या कपड्याला ब्लीच हवं. आणि ज्या दिवशी ब्लीच, त्या दिवशी व्हिनेगर नाही.

क्लोरीनचा धोका

या लेखातला एकच भाग वाचायला वेळ असेल तर हा वाचा. ब्लीच म्हणजे हायपोक्लोराइट, मग ते बाटलीतलं असो की ब्लीचिंग पावडर. त्यात व्हिनेगर, लिंबूफूल किंवा संडास साफ करायचं ॲसिड मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो. छोट्या, खिडकी नसलेल्या मोरीत थोडा क्लोरीनही छातीला अपाय करतो. आधी डोळे चुरचुरतात, घसा धरतो, मग खोकला आणि दम लागतो. एका बादलीत दोन्ही ओतलेच पाहिजेत असं नाही. ब्लीचमध्ये भिजवलेला शर्ट न खळखळता व्हिनेगरच्या बादलीत टाकला तरी तेच होतं. नळाच्या पाण्यात ग्रामपंचायत घालते ती ब्लीचिंग पावडर फार थोडी असते, त्या पाण्याची चिंता नको. डब्यातल्या पावडरीची आणि बाटलीतल्या ब्लीचची चिंता करा.

चुकून मिसळलंच तर त्यात पाणी ओतत, ढवळत बसू नका. सगळं तिथेच सोडून बाहेर मोकळ्या हवेत या, दार उघडं ठेवा, पोरांना लांब न्या. डोळ्यांत गेलं तर साध्या पाण्याने पंधरा मिनिटं सलग धुवा. दम लागत असेल तर १०८ ला फोन करा. ऑक्सिजनवाल्या डाग काढायच्या पावडरी आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्यातही व्हिनेगर मिसळू नका. त्यातूनही जळजळ करणारं तीव्र आम्ल तयार होतं.

शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत व्हिनेगर भरून ठेवणं बंद करा. लिंबूफूल तर साखरेसारखंच दिसतं, त्यामुळे डब्यावर मोठ्या अक्षरात नाव लिहा आणि स्वयंपाकाचं व धुण्याचं वेगळं ठेवा. लिंबूफुलाची पूड डोळ्यात गेली तर फार झोंबते.

काही कपडे आणि वस्तूही व्हिनेगरपासून लांब ठेवाव्यात. पैठणी, जरीची साडी, जरीकाठी उपरणं यांच्या जरीत धातूची तार असू शकते, ती काळवंडते. असे कपडे ड्रायक्लीनिंगला द्या. शिंपल्याची बटणं चुन्याच्याच जातीची असतात, आम्लात त्यांची चमक जाते. पितळी हूक फार वेळ भिजवू नका. पूड स्वरूपातली जुनी नीळ आम्लात फिकी पडते, म्हणून धोतर-टोपीला नीळ देणार असाल तर त्या दिवशी व्हिनेगर वगळा. जस्ताची बादली नको, प्लास्टिकची घ्या. आणि मोरीत शहाबादी किंवा कडप्पा असेल तर सांडलेलं व्हिनेगर लगेच पाण्याने धुवा. हे दोन्ही दगड चुनखडीचे आहेत, आम्लाच्या थेंबाने त्यांच्यावर पांढुरके ठिपके पडतात आणि ते पुन्हा जात नाहीत.

मशीन असेल तर

मशीनच्या आत रबराच्या गॅस्केट, नळ्या आणि काही ठिकाणी धातूचे भाग असतात. रोज, दर धुण्याला व्हिनेगर घालत राहिलं तर काही जातीचं रबर कडक होऊन तडकू शकतं. सगळ्या कंपन्यांचं म्हणणं यावर एकसारखं नाही, म्हणून आपल्या मशीनचं माहितीपुस्तक उघडून पाहा. व्हिनेगर वापरू नका असं त्यात असेल आणि तरीही तुम्ही वापरलं, तर वॉरंटीच्या वेळी भांडायला जागा राहत नाही. व्हिनेगर फक्त बादलीत वापरलं तर हा प्रश्नच येत नाही.

जड पाण्याने टबाला पांढरा थर धरतो, तो काढायला दोन-तीन महिन्यांतून एकदा १०० ग्रॅम लिंबूफूल कोमट पाण्यात घालून मशीन कपड्यांशिवाय चालवा, अर्धा तास तसंच ठेवा, ते पाणी सोडून द्या आणि दोन पाणी साधं फिरवा. खर्च ३० रुपये. तयार पाकीट घेत असाल तर त्याच्यावरचे घटक वाचा. सायट्रिक ॲसिडच लिहिलेलं असेल तर ग्रॅमचा भाव लिंबूफुलाशी ताडून पाहा. छापलेल्या किमतीपेक्षा जास्त पैसे मागितले, किंवा पाकिटावर वजन, तारीख, कंपनीचा पत्ता नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार करता येते.

बाटली आणण्याआधी घरचं पाणी एकदा पाहून घ्या. पारदर्शक बाटली अर्धी भरा, साबणाच्या वडीचा थोडा कीस टाका आणि जोरात हलवा. पावडर घेऊ नका, तिने कळत नाही. पाणी दुधाळ होऊन वर साका तरंगला आणि फेस टिकला नाही तर पाणी जड आहे. फेस दाट येऊन टिकला तर तुमच्या पाण्याला ना व्हिनेगरची गरज आहे ना लिंबूफुलाची, फक्त पावडर कमी करा. नेमका आकडा हवा असेल तर पाण्याचा नमुना जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्या, तेच पाणी तुम्ही पिता, तेव्हा तो आकडा धुण्यापलीकडेही कामाला येईल. जड निघालं तर पहिल्यांदा १०० ग्रॅम लिंबूफूल आणा आणि चार टॉवेलांवर करून पाहा.